शहरातील प्रवास आणि चार इंग्रजी शब्द

(नृसिंहवाडी येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला बोलावले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी काही प्राध्यापक नाही, साहित्यिकही नाही. माझी सारी नोकरी एस.टी.त वाहक म्हणून गेली. खांद्याला पैशांची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि नोकरीच्या शेवटी शेवटी गळ्यात तिकिटाचे मशीन, एवढीच माझी विद्या. पण कार्यकर्ते म्हणाले, "आप्पा, आपली मुले परीक्षेला, मुलाखतीला पुण्या-मुंबईला जातात आणि स्टेशनवर गोंधळतात. त्यांना प्रवासातले इंग्रजी सांगा." मग मी हो म्हणालो. कारण हा गोंधळ माझ्या घरातच घडलेला आहे.

२०११ सालची गोष्ट. माझा भाचा बी.ए. झालेला, विषय इंग्रजी. शेक्सपिअरचे नाटक वाचलेला मुलगा. त्याला मुंबईत एका नोकरीच्या लेखी परीक्षेचे बोलावणे आले. केंद्र विद्याविहार स्टेशनजवळ होते. जयसिंगपूरला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली, सकाळी दादरला उतरला. हातात दोन तास होते. फलाटावर दोन गाड्यांची नावे दिसत होती, एक स्लो आणि एक फास्ट. त्याने विचार केला, फास्ट म्हणजे वेगवान, आपण लवकर पोहोचू. तो फास्टमध्ये चढला. कुर्ला गेले, आणि मग विद्याविहारची पाटी त्याच्या डोळ्यांदेखत मागे पळाली. गाडी थांबली ती थेट घाटकोपरला. घाबरून तो परतीच्या गाडीत चढला, तीही फास्टच निघाली. पुन्हा कुर्ला. तिथे चुकीच्या बाजूला बाहेर पडला, विचारत विचारत रिक्षा केली आणि केंद्रावर पोहोचला तेव्हा फाटक बंद होऊन वीस मिनिटे झाली होती. पोर तसेच परत आले. आईला त्याने एवढेच सांगितले की पेपर अवघड होता. खरे काय घडले ते मला दोन वर्षांनी सांगितले.

त्याला इंग्रजी येत नव्हते काय? माझ्यापेक्षा शंभरपट येत होते. 'फास्ट'चा शब्दकोशातला अर्थ त्याला ठाऊक होता, रेल्वेतला अर्थ ठाऊक नव्हता. रेल्वेत फास्ट म्हणजे मधली स्टेशने सोडून जाणारी गाडी आणि स्लो म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी. आता मला सांगा, आपल्या वाडीतले कोणते पोर असे आहे की ज्याला जलद गाडी आणि साधी गाडी यातला फरक कळत नाही? आपल्या फाट्यावर जलद गाडी थांबत नाही, साधीच थांबते, हे आपल्याला पहिलीपासून माहीत असते. भाच्याला कुणी एवढेच सांगितले असते की, "बाळा, फास्ट म्हणजे आपली जलद, स्लो म्हणजे आपली साधी," तर तो चुकला नसता. आज मला तुम्हाला हेच सांगायचे आहे. शहरातल्या प्रवासाचे निम्मे इंग्रजी तुम्हाला एस.टी.ने आधीच शिकवलेले आहे, फक्त ते ओळखायचे आहे.

थोडे मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. गाडी इंग्रज कंपनीची, म्हणून शब्दही तिच्याबरोबर इंग्रजी आले. पण आपले पूर्वज त्या शब्दांना भ्याले नाहीत. त्यांनी स्टेशनचे ठेसन केले, प्लॅटफॉर्मचा फलाट केला, सिग्नलचा शिंगल केला. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनी हे शब्द वाकवले आणि कामाला लावले. त्यांना कुणी हसले असेल, पण त्यांची गाडी चुकली नाही. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. एस.टी.च्या कागदावर मात्र शब्द मराठी आहेत. चालक, वाहक, आगार, थांबा, मार्गे, राखीव, निमआराम. म्हणून मी म्हणतो, आपल्याकडे दोन्ही बाजूंचे शब्द आहेत. त्यांच्या जोड्या लावू या.

पहिली जोडी 'मार्गे' आणि 'व्हाया' यांची. एस.टी.च्या पाटीवर शेवटचे गाव मोठ्या अक्षरात असते आणि मधले गाव 'मार्गे' म्हणून बारीक अक्षरात. तुमचे गाव मधले असेल तर मोठे अक्षर वाचून भागत नाही. शहरातही असेच आहे. बसवर, लोकलवर, मेट्रोवर जे नाव असते ते गाडीच्या शेवटच्या ठिकाणाचे. मेट्रोच्या फलाटावर 'टुवर्ड्स' असे लिहून पुढे एक नाव असते. टुवर्ड्स म्हणजे 'च्या दिशेने'. पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो सुरू झाली. आज तिचा एक मार्ग पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला येतो आणि दुसरा वनाजहून रामवाडीला जातो. तुम्हाला शिवाजीनगरला उतरायचे असले तरी पाटीवर शिवाजीनगर शोधू नका. आपण ज्या दिशेला जाणार तिकडचे शेवटचे स्टेशन कोणते हे आधी पाहून ठेवा आणि तेच नाव वाचा. हे दोन मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना भेटतात. अशा ठिकाणी गाडी बदलण्याला 'इंटरचेंज' म्हणतात.

दुसरी जोडी 'जंक्शन' आणि 'टर्मिनस'. हे शब्द तुमच्या उंबऱ्यापाशी आहेत. आपल्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना मिळतात. रूळ असे मिळतात तेव्हा त्याला जंक्शन म्हणतात. मिरज जंक्शन आहे, कारण तिथे पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार दिशांचे रूळ एकत्र येतात. आणि कोल्हापूरच्या स्टेशनाचे नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. तिथे रूळ संपतात, गाडी पुढे जात नाही. जंक्शनला उतरलात तर विचारावे लागते की आता कोणती गाडी. टर्मिनसला झोप लागली तरी चिंता नाही, सगळेच उतरतात.

तिसरी गोष्ट नावांची. आपल्या गावाचेच पाहा. आपण म्हणतो नरसोबाची वाडी, नाहीतर नुसती वाडी. एस.टी.च्या पाटीवर असते नृसिंहवाडी. परगावचा माणूस सांगलीच्या स्टँडवर 'नरसोबाची वाडी' शोधत उभा राहतो आणि गाडी समोरून निघून जाते. मी हे कितीदा पाहिले आहे. मुंबईतही तोंडातले नाव आणि पाटीवरचे नाव वेगळे असते. जुनी माणसे व्ही.टी. म्हणतात. १९९६ साली त्या स्टेशनाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, आणि २०१७ पासून पाटीवर व गाडीवर सीएसएमटी अशी अक्षरे असतात. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी झाले आहे. आणखी एक फसवा शब्द म्हणजे 'सेंट्रल'. मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, ते पश्चिम रेल्वेवर आहे. आपली एस.टी.ची गाडी मुंबई सेंट्रलला जाते म्हणून तिथून 'सेंट्रल लाइन' मिळेल असे समजू नका. कुणी तुम्हाला पत्ता सांगताना 'सेंट्रल' म्हणाला तर तिथल्या तिथे विचारा की स्टेशन म्हणता की लाइन म्हणता.

लोकलच्या फलाटावर इंडिकेटर असतो. इंडिकेटर म्हणजे दर्शवणारा फलक. त्यावर चार गोष्टी वाचायच्या: शेवटचे स्टेशन, वेळ, फास्ट की स्लो, आणि डबे किती. जागा वाचवायला स्टेशनाच्या नावाऐवजी अक्षरे लिहितात. मध्य रेल्वेवर 'के' म्हणजे कल्याण आणि 'टी' म्हणजे ठाणे, हे सहज लक्षात येते. पण 'एन' म्हणजे कसारा आणि 'एस' म्हणजे कर्जत. ही अक्षरे नावाशी जुळत नाहीत. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा उत्तरेला कसाऱ्याकडे जातो म्हणून नॉर्थचा एन, दुसरा दक्षिणेला कर्जतकडे म्हणून साउथचा एस. कल्याणपर्यंतच जायचे असेल तर दोन्ही चालतात. पुढे जायचे असेल तर एका अक्षराने तुम्ही भलतीकडे जाल. 'अप' आणि 'डाउन' हेही शब्द कानावर पडतील. मुंबईकडे जाणारी ती अप, मुंबईहून बाहेर जाणारी ती डाउन. त्याचा चढ-उताराशी संबंध नाही.

डब्यात चढताना दारावरचे वाचा. 'लेडीज' म्हणजे महिलांचा डबा, 'फर्स्ट क्लास' म्हणजे पहिला वर्ग. लोकलचे साधे तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये चढलात तर दंड होतो. आणि तिथे "मला माहीत नव्हते" हे उत्तर चालत नाही. मी स्वतः वाहक होतो, मला ठाऊक आहे.

आता 'ईस्ट' आणि 'वेस्ट'. मुंबईत रेल्वेचे रूळ दक्षिणोत्तर आहेत, त्यामुळे प्रत्येक स्टेशनाला एक पूर्व बाजू आहे आणि एक पश्चिम. पत्त्यात नुसते 'दादर' लिहिलेले पुरत नाही. आपल्या लोकांना हे सांगण्याची फार गरज आहे. आपण सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातो. चैत्यभूमी दादर वेस्टला, समुद्राच्या बाजूला. आणि बाबासाहेबांचे राजगृह हिंदू कॉलनीत, म्हणजे दादर ईस्टला. एकाच स्टेशनच्या दोन बाजूंना आपली दोन ठिकाणे आहेत. मी दरवर्षी म्हाताऱ्या माणसांना पुलावर गोंधळून उभे राहिलेले पाहतो. दादरला पूर्वी पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेच्या फलाटांना एकपासूनच क्रमांक होते, त्यामुळे "एक नंबरवर भेटू" म्हणून चुकामूक होई. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट एक ते सात आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा असे सलग क्रमांक झाले आहेत. हे घरी जाऊन आजी-आजोबांना सांगा, कारण त्यांच्या डोक्यात जुनेच क्रमांक असतात.

लांबच्या गाडीच्या तिकिटावरचे तीन शब्द नीट समजून घ्या. 'कन्फर्म' म्हणजे जागा पक्की. 'आरएसी' म्हणजे डब्यात चढायला मुभा, बसायला जागा, पण झोपायची जागा कुणीतरी तिकीट रद्द केले तर. एकाच बाकावर दोघे बसतात. आणि 'वेटिंग' म्हणजे अजून रांगेत. ऑनलाइन काढलेले तिकीट गाडीचा चार्ट, म्हणजे प्रवाशांची यादी, तयार होईपर्यंत वेटिंगच राहिले तर ते आपोआप रद्द होते. ते दाखवून डब्यात बसता येत नाही. मुलाखत असेल तर वेटिंगच्या भरवशावर निघू नका. तिकिटावर 'पीएनआर' नावाचा दहा आकडी क्रमांक असतो, त्यावरून तुमचे तिकीट कुठपर्यंत आले ते कळते.

शब्द झाले. आता विचारायचे कसे? हे मी पुस्तकातून नाही, पिशवी खांद्याला लावून शिकलो. प्रवासी विचारतात, "ही गाडी इचलकरंजीला जाते ना?" असे विचारले की शेजारचा माणूस ऐकले न ऐकले करून "हो हो" म्हणतो. म्हणून 'ना' लावून विचारू नका. विचारा, "ही गाडी कुठे जाते?" उत्तर देणाऱ्याला नाव घ्यावेच लागते आणि त्याला माहीत नसेल तर ते उघड होते. मुंबईत, पुण्यात हे मराठीतच विचारा. त्यात कमीपणा नाही. पाटी इंग्रजीत वाचा आणि प्रश्न मराठीत विचारा. पण दिल्ली, बेंगळुरू, हैदराबादला गेलात तर इंग्रजीची चार वाक्ये खिशात असू द्या. "व्हेअर डज धिस बस गो?" म्हणजे ही बस कुठे जाते. "विच प्लॅटफॉर्म, प्लीज?" म्हणजे कोणता फलाट. "व्हेअर शुड आय गेट डाउन?" म्हणजे मी कुठे उतरू. "हाउ मच इज द फेअर?" म्हणजे भाडे किती. व्याकरण चुकले तर चुकू द्या. वाहकाला तुमचे व्याकरण तपासायला वेळ नसतो, त्याला गावाचे नाव ऐकू आले की पुरते. म्हणून नाव तेवढे मोठ्याने आणि स्वच्छ घ्या.

मेट्रोत आणखी दोन शब्द लागतात, 'एन्ट्री' आणि 'एक्झिट'. आत जायचा दरवाजा आणि बाहेर पडायचा दरवाजा. बाहेर पडतानाही तिकीट लागते, म्हणून आत गेल्यावर ते फेकू नका. बाहेरच्या दरवाजांना क्रमांक किंवा अक्षरे असतात. पत्ता विचारताना तोही विचारून ठेवा, नाहीतर मोठ्या रस्त्याच्या पलीकडे निघाल.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एक म्हातारी मावशी स्टँडवर प्रत्येक गाडीपाशी जाऊन विचारत होती. माझ्याकडे तिसऱ्यांदा आली तेव्हा मी वैतागून म्हणालो, "पाटी वाचता येत नाही का?" ती म्हणाली, "न्हाई लेकरा, कुणी शिकवलंच न्हाई." एवढेच. गाडीतले लोक हसले. मी हसलो नाही, पण त्यांना थांबवलेही नाही. माझी स्वतःची आई निरक्षर होती. त्या दिवसापासून कुणी दहा वेळा विचारले तरी मी दहा वेळा सांगितले. तुम्हालाही माझी एवढीच विनंती आहे. उद्या तुम्ही शहरात स्थिरावाल, लोकलची सवय होईल. त्या वेळी फलाटावर कुणी पिशवी घेऊन, वर मान करून इंडिकेटरकडे बघत उभे असेल तर दोन मिनिटे थांबा. तो तुमच्याच गावचा असेल.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि आपली रजा घेतो. बाबासाहेबांच्या इंग्रजीतील आठवणींचे एक छोटे पुस्तक आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिका म्हणून प्रसिद्ध केले. नाव पाहा. वेटिंग आणि व्हिसा, दोन्ही शब्द प्रवासाचेच. त्यात १९०१ सालचा त्यांच्या लहानपणचा प्रवास आहे. वडील सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि घरातील मुले नवे कपडे घालून, तिकीट काढून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनला उतरली. तिकिटावर जात लिहिलेली नव्हती, म्हणून मसूरपर्यंत मुले सुखाने आली. मुले कोणत्या जातीची हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही गाडी हाकायला तयार होईनात. अखेर मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बरोबर पायी चालायचे, असे ठरले तेव्हा प्रवास झाला.

ते मसूर स्टेशन कुठे आहे? मिरज-पुणे मार्गावर, कराड सोडल्यावर. तुम्ही जयसिंगपूरहून पुण्या-मुंबईला जाता तेव्हा तुमची गाडी त्याच स्टेशनावरून जाते. १९५५ सालच्या अस्पृश्यता निवारण कायद्याने सार्वजनिक वाहनात कुणालाही अस्पृश्यतेच्या कारणाने मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. आज तुमच्या हातात तिकीट आहे आणि ते तिकीट कुणी नाकारू शकत नाही. मग चार इंग्रजी शब्दांनी तुम्हाला फलाटावर अडवावे, हे बरोबर आहे काय? जे दार कायद्याने उघडले ते आपल्या संकोचाने बंद होऊ देऊ नका.

संस्थेला माझी एक सूचना आहे. यंदा सहा डिसेंबरला दादरला जाताना प्रत्येक पाच वडीलधाऱ्यांमागे एक विद्यार्थी द्यावा. फलाट शोधणे, पाटी वाचणे, तिकीट काढणे हे सारे त्याने करावे. वडीलधाऱ्यांची सोय होईल आणि मुलांचा सराव होईल. आणि संस्थेच्या भिंतीवर हे शब्द मराठी अर्थासह मोठ्या अक्षरात लिहून लावावेत. रंगाचा खर्च मी देईन.

माझा भाचा पुढे दुसऱ्या परीक्षेत पास झाला. आज तो मुंबईतच नोकरी करतो आणि रोज लोकलने जातो. गावचे कुणी पोर परीक्षेला येणार असे कळले की तो सकाळी दादरला येऊन उभा राहतो. पहिला प्रश्न विचारतो, "तुझं स्टेशन कोणतं? तिथे फास्ट थांबते का?"

मुलांनो, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारून निघा.  जयभीम. नमो बुद्धाय.